डावा स्पीकर बंद

मैत्रिणींनो, अजून सुन्न आहे.

बाबांचा जुना अँप्लिफायर कित्येक महिन्यांनी दुरुस्त होऊन आज बोरीवलीच्या घरी आला. गाणं लावताच बाबा म्हणाले, "डावा स्पीकर बंद. मेकॅनिकनं वाट लावली."

मला दोन्ही नीट ऐकू येत होते.

"तुला स्टिरिओतलं काय कळतंय गं?"

मी दोन्ही स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्या. तरी त्यांच्या मते डावाच बंद. शेवटी म्हटलं, "बाबा, खुर्ची फिरवून पाठमोरे बसा बघू."

बसले. "आता तो डावा सुरू झाला, पण उजवा गेला."

बिघाड त्यांच्या डाव्या कानात होता.

"मेकॅनिकला परत बोलाव," ते म्हणाले. मी नुसतं "हो" म्हटलं.

तुम्ही त्यांना कसं सांगितलं असतंत?