अडीच वाजताचं ऊन

रत्नागिरीला हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या एका छोट्या कचेरीत मी नोकरीला होतो. दोन खोल्या, वर गच्ची, भोवती सडा, म्हणजे जांभ्या खडकाचं उघडं पठार, आणि पश्चिमेला समुद्र. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला तापमान, वारा, ढग, पाऊस लिहायचं आणि पुढे कळवायचं. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. मी चाळिशीला टेकलो होतो. दर वर्षी वाटायचं बदली होईल, आणि होत नसे. आम्ही दोघंच होतो तिथे. दुसरे निरीक्षक माझ्याहून बरेच मोठे, निवृत्तीला आलेले.

एका हिवाळ्यात पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून एक बाई आल्या. तिशीच्या असतील. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. त्यांनी पिशवीतून हातात मावेल एवढी एक काळी पेटी काढली. तिच्या एका टोकाला भिंग होतं, वर घड्याळासारखा काटा. भिंग सूर्याकडे धरायचं, काटा जिथे थांबेल तो आकडा लिहायचा; हवा जितकी स्वच्छ तितका आकडा मोठा.

"एक उपग्रह रोज दुपारी अडीचच्या सुमारास इकडून जातो," मॅडम म्हणाल्या. "तो समुद्राचं चित्र पाठवतो. हवा स्वच्छ असली तर समुद्र काळा दिसतो. हवेत धूळ, धूर असला की दुधावर साय धरावी तसा पांढुरका दिसतो. त्यावरून हवेत किती धूळ आहे ते काढायचंय. पण वरून काढलेलं खरं की खोटं, हे खालून कुणी बघितल्याशिवाय कसं कळणार?"

खालून बघणारा म्हणून मी हो म्हटलं. का म्हटलं ते आज सांगता येत नाही. मोठे निरीक्षक मॅडम गेल्यावर हसले होते. "सुखाचा जीव उन्हात घालायचा धंदा हा," ते म्हणाले. पेटीच्या कपाटाची चावी मी माझ्याकडेच ठेवली.

सुरुवातीचे महिने बरे गेले. मग दुपारचं जेवण अर्धवट टाकून गच्चीवर जायचं, तापलेल्या फरशीवर उभं राहायचं, पेटी सूर्याकडे धरायची, आकडा लिहून खाली यायचं, हे अंगावर यायला लागलं. महिन्याच्या शेवटी कागद टपालाने पुण्याला जायचे. मिळाले, एवढं कळवणारं कार्ड यायचं. त्या आकड्यांचं तिकडे काय होतं ते मला कळत नसे, आणि हळूहळू मी विचारायचंही सोडलं.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात बायकोचा दमा उसळला. आमच्याकडे तेव्हा लाकडाची चूल होती. गॅससाठी नाव नोंदवलं होतं, नंबर लागला नव्हता. चुलीच्या धुराने तिला खोकला नेहमीचाच, पण या वेळी श्वास आत जाईना. सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं. सकाळी कचेरीत हजेरी लावून साडेआठची नोंद घ्यायची, घरी येऊन पेज करायची, डबा घेऊन दवाखान्यात जायचं. साडेपाचची नोंद मोठे निरीक्षक बघत होते. तेही त्यांनी आपणहून मागून घेतलं होतं.

त्या आठवड्यात एका दुपारी ती खाटेवर उशी टेकून बसली होती.

"अहो, आज ऊन असं पिवळं का पडलंय?" तिने विचारलं.

"उन्हाळाच आहे," मी म्हटलं. खिडकीकडे मी बघितलंही नाही. "पेज घे थोडी."

"नको. नर्सनं सुई टोचलीन, तरी छाती भरलेलीच आहे."

ती घरी आली तेव्हा सात दिवसांच्या रकान्यांत काहीच नव्हतं. मोठ्या निरीक्षकांना सांगितलं असतं तर त्यांनी गच्चीवर जाऊन आकडे घेतलेही असते. पण त्यांचं ते हसणं माझ्या मनात होतं, आणि चावी माझ्या खिशात. मी आदल्या आठवड्याचे आकडे उतरवले. खरे वाटावेत म्हणून एकदोन घरं इकडेतिकडे केले. त्या वेळी मला लाज वाटली असं आज लिहिलं तर ते खोटं होईल. मी इतका दमलो होतो की कागद पाकिटात गेला याचंच बरं वाटलं.

पाऊस सुरू झाला. ढगात सूर्य दिसत नाही म्हणून पेटीचं काम चार महिने बंद असायचं. श्रावणात एका सकाळी मॅडम एसटीने आल्या, न कळवता. प्रवासाने चेहरा उतरलेला होता. त्यांनी टेबलावर दोन चित्रं ठेवली.

"हे मेमधलं एका आठवड्याचं. हे त्याच्या पुढच्या आठवड्याचं."

दुसऱ्या चित्रात समुद्र काळा होता. पहिल्यात पश्चिमेकडून आमच्या किनाऱ्यापर्यंत पांढुरका पट्टा आला होता.

"अरबस्तानातली धूळ असावी," त्या म्हणाल्या. "वरून इतकी स्पष्ट दिसते. पण तुमचे आकडे सांगतात की हवा अगदी निर्मळ होती. दोन महिने मी माझ्याच गणितात चूक शोधतेय. उपग्रहाच्या यंत्रातच दोष आहे, असं अहवालात लिहायलासुद्धा घेतलं होतं. शेवटी म्हटलं, एकदा पेटी तपासावी."

पेटी त्यांनी उलटसुलट करून बघितली. पेटी चांगली होती. आता गप्प राहिलो तर दोष पेटीवर किंवा उपग्रहावर जाणार होता, आणि मी सुटणार होतो. पण त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून ते मला झेपेना.

"मॅडम, ते आकडे मी घेतलेले नाहीत."

"म्हणजे?"

"बायको दवाखान्यात होती. मी गच्चीवर गेलोच नाही. घरी बसून लिहिले."

त्यांनी पेटी टेबलावर ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "तुमचे आकडे खोटे असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही." आणि चित्रं गोळा करत, "बाकीचे खरे आहेत, हे मी आता कशावरून धरू?"

कोपऱ्यातल्या टेबलावरून मोठे निरीक्षक उठले. त्यांनी फळीवरून रोजच्या नोंदींची वही काढली आणि मॅडमसमोर उघडली.

"रोज संध्याकाळी लांबचं काय काय दिसतं ते आम्ही लिहितो," ते म्हणाले. "दीपगृह, मिऱ्याचा डोंगर, बाहेर नांगरलेल्या होड्या. धूळ असली की दिसायचं कमी होतं. ह्याचे आकडे या वहीशी ताडून बघा. कळेल."

आम्ही तिघं दिवसभर बसलो. ते तारीख वाचायचे, मी मॅडमनी आणलेल्या कागदांवरून पेटीचा आकडा सांगायचो, मॅडम खूण करायच्या. जिथे डोंगर स्वच्छ दिसला होता तिथे माझा आकडा चढलेला होता, जिथे धूसर तिथे उतरलेला. दोन उन्हाळे असे जुळत गेले. मग तो आठवडा आला. मोठ्या निरीक्षकांच्या अक्षरात लिहिलं होतं : दीपगृह अस्पष्ट. दुसऱ्या दिवशी : डोंगर दिसत नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. त्यांनी ते नेहमीच्या सपाट आवाजात वाचलं, माझ्याकडे न बघता.

"एवढा आठवडा काढून टाकते," मॅडम म्हणाल्या. "बाकीचे ठेवते." पिशवी उचलताना त्यांनी विचारलं, "पत्नी कशा आहेत आता?"

"बरी आहे."

"एक ओळ लिहायचीत. मी काही म्हटलं नसतं."

घरी जाऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"म्हणजे माझा श्वास कोंडत होता तो त्या धुळीनं?"

"असेल. चुलीचा धूर होताच. वर ही धूळ."

"आणि तुम्ही लिहिलंत की हवा चांगली होती."

"हो."

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. सूप बाजूला सारून ती म्हणाली, "मला विचारायचंत. मी सांगितलं असतं कशी होती ती," आणि चूल पेटवायला आत गेली.

पुढच्या उन्हाळ्यात मी एकही दिवस चुकवला नाही. त्यात काही मोठेपणा नव्हता, धास्ती होती. त्यानंतर काम संपलं आणि कुणीतरी येऊन पेटी घेऊन गेलं. मोठे निरीक्षक तोवर निवृत्त होऊन आपल्या गावी संगमेश्वराकडे गेले होते. वर्षभराने टपालाने मॅडमचा छापील अहवाल आला. इंग्रजीत होता, बरंचसं कळलं नाही. एका पानावर आमच्या गावाच्या आकड्यांचे ठिपके एका रेषेजवळ रांगेने मांडले होते. मध्ये सात ठिपक्यांएवढी जागा कोरी. खाली बारीक अक्षरात एवढंच, की या दिवसांची निरीक्षणं उपलब्ध नाहीत.

मी ते पान बायकोला दाखवलं नाही. अहवाल कपाटात ठेवला आणि लवकर झोपलो. दुसऱ्या दिवशी साडेआठची नोंद माझ्याकडे होती.