जिथे बेकरी होती, तिथून

मानाग्वात केक करणं सोपं, तो गिऱ्हाइकाच्या घरी पोचवणं महाकठीण. निनोस्का मायरेनाचे पाच-पाच मजली केक गावभर नावाजलेले होते, पण तेवीस वर्षं ते पोचवले तिच्या नवऱ्यानं, एव्हेनोरनं. कुणी त्याला म्हणावं, "जिथे सोडावॉटरचा कारखाना होता तिथून दोन चौक तळ्याकडे, दीड चौक वर, पोपटी फाटक," की हा निघाला. तळ्याकडे म्हणजे उत्तरेला, कारण गावाचं मोठं तळं तिथे आहे. वर म्हणजे सूर्य उगवतो ती बाजू, खाली म्हणजे मावळतो ती. चढ-उताराशी त्याचं काही देणंघेणं नाही. आणि सोडावॉटरचा कारखाना बहात्तरच्या भूकंपात जमीनदोस्त झालेला. झाला तर झाला. तो कुठे होता हे सगळ्यांना माहीत आहे ना? मग पत्ता कशाला बदलायचा? बाहेरगावचे लोक यावर डोकं धरून बसतात, त्याला आम्ही काय करणार.

त्या सप्टेंबरात एव्हेनोरला झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ, तिन्ही एका सकाळीत गेली. पाय थोडा परत आला. जिभेवर मात्र एकच शब्द उरला: "इद्याय." हा आमच्याकडचा शब्द मोठा सोयीचा आहे. "मग काय?" म्हणजे इद्याय, "हे काय भलतंच?" म्हणजे इद्याय, आणि बऱ्याच दिवसांनी कुणी भेटलं तरी इद्याय. एव्हेनोर कॉफी दिली तरी इद्याय म्हणे आणि शेजारचा म्हातारा गेला हे सांगितलं तरी इद्याय. डॉक्टरांनी सांगितलं, "बोलायची जागा गेली आहे. समजतं किती, ते आताच सांगता येणार नाही."

निनोस्काला छळत होतं ते एवढंच. बोलू नको बाबा, पण तू आत आहेस का? त्याची बहीण मेल्बा रोज दुपारी यायची आणि त्याच्या तोंडावर म्हणायची, "लेकरू झालंय गं त्याचं. लेकराला काय कळतंय?" एव्हेनोर भिंतीकडे बघत बसायचा. हळूहळू निनोस्काही त्याला काही सांगेनाशी झाली. तीस वर्षांहून जास्त ज्याच्याशी तोंडाला तोंड देऊन भांडली, त्याच्यासमोर ती मुकाट्यानं साखर चाळायची आणि तिचं तिलाच भरून यायचं.

पण ऑर्डरी थांबत नव्हत्या. निनोस्काला गाडी चालवता येत होती ती चर्चपर्यंत. डिसेंबरात एका पंधराव्या वाढदिवसाचा केक होता. तिनं धीर केला, मागे केक ठेवला, शेजारी एव्हेनोरला बसवलं आणि पत्ता मोठ्यानं वाचला: "जिथे वाकडा नारळ होता तिथून तीन चौक खाली, वीस वार दक्षिणेला."

"इद्याय," एव्हेनोर म्हणाला आणि त्यानं ओठांचा चंबू करून डावीकडे दाखवलं. आमच्याकडे बोट दाखवणं म्हणजे उगाच श्रम. दुकान, माणूस, रस्ता, सगळं ओठांनी दाखवतात. निनोस्काला हायसं वाटलं. ती डावीकडे वळली. पुढच्या चौकात पुन्हा ओठ डावीकडे. पुन्हा वळली. चौथ्यांदा डावीकडे वळल्यावर समोर पहिल्या वळणावरचाच पेट्रोलपंप आणि तिथलाच लॉटरीवाला.

"ताई, काही विसरलात का?" लॉटरीवाल्यानं विचारलं.

एव्हेनोर डाव्या हातानं डॅशबोर्ड बडवत इद्याय, इद्याय ओरडत होता आणि ओठ पुन्हा डावीकडेच करत होता. उन्हानं लोणी पातळ झालं, वरचा मजला घसरून खालच्यावर बसला. ज्या पोरीचा वाढदिवस होता तिनं केक बघून भोकाड पसरलं. मेल्बाला हे कळल्यावर ती म्हणाली, "मी सांगत नव्हते? त्याला डावं-उजवंही कळेना झालंय." त्या दिवशी निनोस्कानं पहिल्यांदा तिच्याशी वाद घातला नाही.

एका गिऱ्हाइकानं तिला वाट दाखवणाऱ्या यंत्राबद्दल सांगितलं. काचेला चिकटवायचं, आभाळातल्या उपग्रहांना विचारून ते रस्ता सांगतं. निनोस्का ओरिएंताल बाजारात गेली. तिथे चोनिता नावाची एक धिप्पाड बाई केस वाळवायची यंत्रं, मिक्सर आणि ही नवी यंत्रं एकाच टेबलावर मांडून बसली होती.

"ये माझ्या राणी, काय हवं? हे घे, मोठा पडदा. सिनेमा बघितल्यासारखं."

"यात मानाग्वा आहे?"

चोनितानं बटणं दाबली. "यात मायामी आहे. पण झकास आहे बघ मायामी."

"मायामीत मला कोण केक सांगणार आहे?"

दुसऱ्यात मानाग्वा होतं. चोनितानं ते हातात धरून टेबलाभोवती एक चक्कर मारली, तसा नकाशाही तिच्याबरोबर फिरला. निनोस्कानं भुवया वर केल्या. "तळं कुठे गेलं? आत्ता माथ्यावर होतं, आता बाजूला गेलं."

"तू वळलीस की नकाशा वळतो. हीच तर गंमत आहे!"

"बाई, मी वळले म्हणून तळं वळतं का? तळं आपल्या जागी राहील असं दाखव, नाहीतर राहू दे."

चोनितानं कपाळावर हात मारला, पण शोधून काढलं. तिसरं यंत्र लहान होतं, कोपऱ्याला ओरखडा होता, पण त्यात एक खूण केली की तळं पडद्याच्या माथ्यावर गप्प बसून राहायचं. शिवाय नकाशावर बोट दाबून धरलं की तिथे छोटा झेंडा उभा राहायचा आणि त्या जागेला आपल्याला हवं ते नाव देता यायचं. निनोस्कानं पाच-सहा झेंडे रोवून बघितले, पुसले, पुन्हा रोवले. गावाला एवढ्या वरून तिनं कधी पाहिलं नव्हतं. चोनिता कंटाळून म्हणाली, "घ्यायचंय की शेती करायचीय त्यावर?" निनोस्कानं एकवीसशे कोर्दोबांना तेच घेतलं.

यंत्रातली बाई बोलायची ती थेट स्पेनच्या थाटात. निनोस्कानं तिचं नाव माद्रिदवाली ठेवलं. माद्रिदवालीला आमच्या गावातल्या रस्त्यांची अशी नावं पाठ होती, जी त्या रस्त्यांवर राहणाऱ्यांनीही कधी ऐकली नव्हती. "जिथे वाकडा नारळ होता" हे मात्र तिच्या गावीही नव्हतं. निनोस्कानं एकेक अक्षर दाबून लिहिलं, तर उत्तर आलं: असं ठिकाण सापडलं नाही. निनोस्का म्हणाली, "सापडेल कसं? तो पडून चाळीस वर्षं झाली. पण होता ना!" पाच हजार मैलांवरून आलेल्या बाईशी वाद घालून काय उपयोग? तिनं आपलं दारोदार विचारत केक पोचवायला सुरुवात केली. यंत्र काचेवर नुसतं शोभेला.

एव्हेनोरला घरी एकटं ठेवता येत नसे, म्हणून तो शेजारी असायचाच. गाडी हलली की पडद्यावरचा बाण हलतो, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं भिंतीकडे बघावं तसं बघणं सोडलं. तो बाणाकडे बघायचा, मग खिडकीबाहेर, मग परत बाणाकडे. गाडी थांबली असताना एकदा त्यानं डावं बोट लावून नकाशा सरकवला आणि तळं पडद्याबाहेर गेल्यावर दचकून परत आणलं. निनोस्का डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत होती. तिला वाटलं, लेकराला खेळणं सापडलं.

फेब्रुवारीत एका सकाळी ती गाडी कडेला लावून चिठ्ठीवर चरफडत होती. "जिथे बर्फाचा कारखाना होता, तिथून एक चौक वर. आता हा कुठला कारखाना? दोन होते की!"

एव्हेनोरनं हात पुढे केला. नकाशा सरकवला, बोटांनी चाचपडत मोठा केला, आणि एका जागी बोट दाबून धरलं. झेंडा उभा राहिला. मग त्यानं ओठांचा चंबू केला: डावीकडे. झेंडा मात्र उजवीकडे होता.

निनोस्का आधी ओठांकडे, मग झेंड्याकडे बघत राहिली. केक मागे, ऊन वाढतंय, घड्याळ पळतंय. काय वाटलं कुणास ठाऊक, ती झेंड्याच्या मागे गेली. तिथून एक चौक वर, दारात फुगे लावलेलं घर. गिऱ्हाईक बाहेरच उभं.

परत येऊन ती त्याच्याकडे तोंड करून बसली. "एव्हेनोर, ओठ कर. नुसते कर." त्यानं केले. डावी बाजू वर खेचली गेली आणि उजवी जागच्या जागी लोंबत राहिली. "आता उजवीकडे दाखव." त्याचे डोळे उजवीकडे गेले, मान थोडी गेली, आणि ओठ गेले डावीकडे.

"अरे देवा," निनोस्का म्हणाली. तोंडाची अर्धी बाजू मेलेली. ओठ उजवीकडे जाणार कसे? डिसेंबरात तो डॅशबोर्ड बडवत होता तो याचसाठी. त्याला रस्ता माहीत होता. आपणच गाढवासारखे त्याच्या ओठांमागे फिरत राहिलो. तिला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आल्यानं तिला ठसका लागला.

तरी ती व्यवहारी बाई. एकदा लागलं म्हणजे तुक्काही असेल. तिनं त्याला चिठ्ठीबिठ्ठी न दाखवता विचारलं, "लुसिया थिएटर कुठे होतं?" झेंडा. "लाल टाकी?" झेंडा. "वाकडा नारळ?" एव्हेनोरनं तिच्याकडे असं पाहिलं की मूर्ख मी आहे की तू, आणि झेंडा रोवला. तिन्ही बरोबर.

दुपारी मेल्बा आली आणि सवयीनं म्हणाली, "काय म्हणतंय लेकरू?"

"लेकरू तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठं आहे. यापुढे जे बोलायचं ते त्याच्याशी बोल, त्याच्याबद्दल नाही." कोपऱ्यातून इद्याय ऐकू आलं.

पुढचे दोन-तीन महिने त्या दोघांनी गाव पेरलं. एव्हेनोर झेंडा लावायचा, निनोस्का नाव लिहायची: जिथे सोडावॉटर होतं, जिथे आंधळ्या न्हाव्याचं दुकान होतं, जिथे हत्ती मेला होता. हत्ती सर्कशीतला होता आणि निनोस्काला हे ऐकूनही माहीत नव्हतं. तिनं ते एका गिऱ्हाइकाच्या पत्त्यात वाचलं, तर एव्हेनोरनं लगेच बोट ठेवलं. ऐंशीच्या वर झेंडे झाले. माद्रिदवाली आता ठसक्यात रस्ता सांगायची, जिथे काहीच नाही तिथला. पण निनोस्काच्या मनातून एक शंका जात नव्हती. तो उत्तरं देतो, हे खरं. पण ती विचारते तेव्हाच. त्याचं स्वतःचं काही मनात येतं का? त्याला काही हवंसं वाटतं का?

मे महिन्यातल्या एका रविवारी केक नव्हता. दोघं चर्चहून परतत होती. एव्हेनोरनं हात पुढे केला आणि कुणी काही न विचारता झेंडा रोवला: जुन्या गावात, तळ्याजवळ, जिथे भूकंपानंतर कुणी पुन्हा बांधलं नाही.

"तिथे काय आहे?"

"इद्याय."

ती निघाली. माद्रिदवाली म्हणाली, आपण इच्छित स्थळी पोचलात. इच्छित स्थळी छातीएवढं गवत, दोन गायी आणि भिंतीचा एक तुकडा. निनोस्का इकडेतिकडे बघू लागली आणि हळूहळू तिला जागा ओळखू आली. तळं समोर. डावीकडे ती मोठी चिंच. तिच्या मावशीची बेकरी इथेच कुठेतरी होती. पंधरा वर्षांची असताना निनोस्का रोज पहाटे बेकरीची लादी पुसायची, आणि एकोणीस वर्षांचा, सायकलवरून पाव पोचवणारा एक पोरगा मुद्दाम चिखलाचे पाय घेऊन त्या लादीवरून जायचा.

"पण इथे नव्हती," ती खाली उतरून म्हणाली. "कोपऱ्यावर होती, त्या भिंतीपाशी. तुझा झेंडा चाळीस वार वर गेलाय."

एव्हेनोरनं ओठांचा चंबू केला. डावीकडे.

"ओठांचं मला सांगू नकोस! बोट दाखव."

त्यानं बोट दाखवलं. चाळीस वार वर.

"अरे, मी पुसायचे ती लादी! मला माहीत नाही?"

"इद्याय!" त्यानं डॅशबोर्डवर हात आपटला. चेहरा लालबुंद झाला होता.

"हट्टी म्हातारा! त्या भिंतीपाशीच होती!"

"इद्याय, इद्याय!"

"थांब, दाखवतेच तुला!" ती चर्चचे चांगले बूट घालून गवतात घुसली. भिंतीपाशी टाचेनं उकरलं: माती, विटा, माती. मग तशीच रागारागानं चाळीस वार मोजत वर गेली, म्हाताऱ्याची जिरवायला. तिथे टाच घासली तर खाली टणक लागलं. ती गुडघ्यांवर बसली, हातानं गवत उपटलं, झग्याच्या टोकानं पुसलं. पिवळ्या लादीवर लाल चांदणी. पुसता पुसता तिच्या लक्षात आलं, की कोपऱ्याकडून मध्याकडे, असं आपण पूर्वी पुसायचो तसंच पुसतो आहोत.

तेव्हा तिला कळलं, की गेल्या आठ महिन्यांत आज पहिल्यांदा आपण नवऱ्याशी भांडलो. ती तिथेच बसून मोठ्यानं रडली. गायींनी माना वर करून बघितलं.

"म्हाताऱ्या!" तिनं गाडीकडे तोंड करून हाक मारली. "तुझंच बरोबर!"

उत्तराऐवजी गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. एव्हेनोर एक पाय ओढत, गवत धरत, सावकाश येत होता. ती धावली नाही, हात द्यायलाही गेली नाही. तो आला, त्यानं लादीकडे पाहिलं, आणि काल रात्रीच्या सरीतला चिखल लागलेला आपला डावा बूट मुद्दाम, नेमका, तिनं पुसलेल्या चांदणीवर ठेवला.

"इद्याय," तो म्हणाला.