चक्कीवरचा अभ्यास

"काऊन बंद केली, भाऊ?"

चक्की थांबली की कोपऱ्यातल्या पोत्यावरून हा प्रश्न यायचा. प्रश्न कसला, तक्रारच. भर झोपेतून कोणी उठवावं तसा तिचा चेहरा व्हायचा आणि त्याचा दोष माझ्याकडे.

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात माझी पिठाची चक्की आहे. चक्कीवर लोक कसे वागतात ते तुम्हीही पाहिलं असेल. डबा ठेवायचा, "बारीक काढजा" म्हणायचं आणि बाजारात सटकायचं. तिथं उभं राहणं जिवावर येतं. कान बधिर होतात, भुवया पांढऱ्या होतात. ही बाई मात्र डबा ठेवून बसून राहायची. आमच्याच गल्लीतली सून, माहेर सौसरचं, दोन पोरांची आई. पटवारीच्या, म्हणजे तुमच्याकडच्या तलाठ्याच्या, परीक्षेला बसणार होती. आधी दोनदा थोडक्यात राहिली होती, आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी होती.

हे मला नंतर कळलं. सुरुवातीला एवढंच दिसत होतं की ही रोज गहू आणते. वाटलं, पाहुणे आले असतील. मग वाटलं, हिच्या सासरी पोळीशिवाय दुसरं काही खातच नसतील. एक दिवस झाकण उघडलं तर गव्हावर जाडजूड पुस्तक. तिनं ते उचललं, पोत्यावर बसली आणि वाचू लागली. दळण झालं, मी डबा पुढे सरकवला, तरी हलेना.

"वहिनी, झालं तुमचं."

"दुसऱ्याचं तर आहे ना अजून?"

लाइट गेली तेव्हा मी विचारलं, घरी अभ्यास का होत नाही.

"घरी बोलणं असते ना भाऊ. सासूबाई म्हणते, कुकरकडे लक्ष ठेव. पोट्टा म्हणते, माझा मोजा कुठी आहे. हे म्हणतेत, तू वाच, मी काई बोलत नाई. अन् काऊन बोलत नाई, ते अर्धा घंटा सांगत राहतेत. इथं नुसता आवाज आहे. त्यात माझ्या नावाची हाक नाई."

फुकटचे सल्ले द्यायला मला आवडतं. मोबाइलवर पाहिलेलं सगळं तिला ऐकवलं. शांत जागा शोधा, भिजवलेले बदाम खा, भिंतीवर ठिपका काढून त्याच्याकडे एकटक पाहा.

"सगळं करून पाहिलं. बदाम पोट्ट्यांनी खाल्ले. ठिपक्याकडे पाहत बसली, तर भिंत किती कळकट झाली तेच दिसून राहिलं. मग भिंत पुसली."

महिनाभरात तिची सासू चक्कीवर आली, पदर खोचूनच. "काय हो, आमच्या सुनेले काय करून ठेवलं तुम्ही? डबे भरले, पिंप भरलं, आता पिठाले जाळ्या लागून राहिल्या!"

मी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. सासूनं दारातून हाक मारली. मग जवळ जाऊन मारली. सुनेनं मान वर केली नाही, पान उलटलं. म्हातारी जरा वेळ तिच्याकडे पाहत उभी राहिली. घरी एका हाकेत हजर होणारी सून अशीही असू शकते, हे बहुतेक तिला नवीन होतं. जाताना माझ्या कानाशी येऊन ओरडली, "नुसतं पुस्तक घेऊन ये म्हणा तिले. गहू संपून राहिले!"

तेव्हापासून तो कोपरा तिचाच झाला. मिरचीच्या दिवसांत मी शेजारी तिखट कांडायचो. हिच्या डोळ्यांना धारा, पण पुस्तक सुटत नव्हतं. एका गिऱ्हाइकानं कळवळून विचारलं, "बाई, एवढं काय दुःख आहे?"

"क्षेत्रफळ," ती म्हणाली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून दगडफेकीची आमची जत्रा. सगळं गाव नदीवर असतं, म्हणून मी कुलूप लावत होतो, तर ही समोर उभी. "लोकं दगडं मारून राहिले, तर तुमच्या दगडाले काय झालं? ते चालू ठेवा ना."

परीक्षा छिंदवाड्याला झाली. बसमधून उतरून ती घरी न जाता चक्कीवरच आली.

"बाप्पा, काय शांतता होती भाऊ! कोणी खोकलत बी नाई. पयला प्रश्न तीनदा वाचला, डोक्यात काई शिरेना. मग डोळे मिटले अन् मनात चक्की सुरू केली. पण आवाज तोंडातून निघाला."

"मग?"

"साहेब आले. म्हणे, मॅडम, ये कैसी आवाज़ है? मी म्हटलं, सर, चक्की है, अभी बंद करती हूँ. त्यानं पाण्याची बाटली आणून देली."

मी पोट धरून हसलो. तीही हसली, पण मग तिचे डोळे भरले, आणि त्या दिवशी मी मिरची कांडत नव्हतो. "यावेळी नाई झालं तर संपलं, भाऊ." सल्ल्यांचा माझा साठा नेमका तेव्हा संपला. मी चक्की सुरू केली. ती पुस्तकाशिवाय पोत्यावर बसून राहिली.

निकाल लागला. तिचं नाव होतं! सासूनं गल्लीभर पेढे वाटले आणि "आमची सून चक्कीवर शिकली" असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं. नेमणूक पार मंडल्याकडे मिळाली. पोरांना घेऊन ती गेली. तिच्या कोपऱ्यात मी लोकांचे डबे ठेवून पाहिले, पण दुसऱ्याच दिवशी उचलले. लाजायचं कशाला, तो कोपरा मला खायला उठायचा.

परवा दुपारी तिचा फोन आला.

"भाऊ, डिपार्टमेंटची परीक्षा आहे. इथं लय शांत आहे. बोलू नका, फक्त फोन चक्कीपाशी ठेवा."

ठेवला. आलेली गिऱ्हाइकं विचारायची, हा कोणाचा फोन? मी तोंडावर बोट ठेवायचो. चक्कीच्या त्या गदारोळात! हळूहळू फोनवर पिठाचा थर बसला. शेवटचं दळण संपलं. दगड रिकामे फिरवले तर एकमेकांना खातात, म्हणून मी बटण दाबलं.

पिठातून आवाज आला, "काऊन बंद केली, भाऊ?"

मी दारात जाऊन घराकडे तोंड केलं आणि बायकोला म्हटलं, "अवं, आपला गव्हाचा डबा आण."

"कालच तर दळले ना!"

"आण तू."