जेवलास का?

नवी पेठेतल्या आमच्या टॉवेलच्या पेढीत सगळ्या ऑर्डरी टेबलावरच्या फोनवर येतात. रिसीव्हर मानेत धरून लिहिताना माना अवघडायच्या, म्हणून मालकांनी वायरचे हेडसेट आणले. ते लावले तर गिऱ्हाईक आम्हाला ऐकू यायचं, पण आमचा आवाज त्याला जायचा नाही. "अहो, बोला की!" असं ओरडून लोक फोन आपटायचे आणि ऑर्डर शेजारच्या दुकानात जायची.

मग दुरुस्तीला एक कारागीर आला. चाळिशीतला, कामात असताना ओठ घट्ट मिटणारा. त्यानं माझा हेडसेट डोक्यावर चढवला आणि गावाकडं होटगीला आपल्या आईला फोन लावला. आईला कमी ऐकू येतं, तिला आवाज गेला की कुणालाही जातो, म्हणाला. बिनआवाजाचा फोन म्हणजे लेकाचाच, हे म्हातारीला ठाऊक असावं; ती इतक्या मोठ्यानं बोलत होती, की मलाही ऐकू येत होतं.

"जेवलास का?"

"न्हाय गं, येळच न्हाय गावला."

"आरं, जेवलास का?"

"न्हाय म्हणतोय की." त्यानं वायरीवरच्या डबीतलं बटण एक घर सरकवलं. "आई?"

"आता आलं बग ऐकू! जेवलास का?"

"व्हय आई, जेवलो."

त्यानं हेडसेट काढून माझ्यापुढं ठेवला. मी त्याच्याकडं बघतच राहिलो.

"आवाज पोचला की असंच सांगावं लागतंय," तो म्हणाला आणि पुढच्या टेबलाकडं वळला.