वाळुंजाचा नर

आज कॉलेजच्या जुन्या कपाटातून एक पिवळा पडलेला कागद निघाला. डांबरगोळ्यांचा वास नाकात शिरला आणि मी थेट मामाच्या गावी, खुटबावच्या ओढ्याकाठी जाऊन उभी राहिले. कागदावर वाळुंजाची वाळलेली डहाळी होती आणि खाली माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: सॅलिक्स टेट्रास्पर्मा, कुळ विलोचं, लिंग नर.

तेव्हा मी बीएस्सीला होते. वाळुंजाच्या पिवळ्या तुऱ्यांवर मधमाश्या घोंगावत होत्या. तेवढ्यात तंबाखू मळत, खांद्यावर कुऱ्हाड टाकून मामा निवांत आला.

"दरसाल फुलतंय, पर बी धरत न्हाई. वांझ हाय, तोडतो."

शेजारी गवत कापणाऱ्या मामीनं मान खाली घातली. बारा वर्षं हाच शब्द ती स्वतःसाठी ऐकत आली होती.

मी हुशारी दाखवली. "मामा, वांझ नाही हो! वाळुंजात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. तुरे नीट तपासले मी. हा नर आहे, त्याला बी कुठून येणार?"

मामीचा विळा थांबला. ती उठली आणि सरळ मामाच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "अवं, झाडालासुदिक तपासत्यात. मंग तुमी कवा जाणार डाक्टरकडं?"

मामानं मळलेली तंबाखू तशीच फेकून दिली.

वांझ झाड तोडायला तो रमतगमत आला होता. नर निघालेलं झाड त्यानं एका दमात आडवं केलं.