कोनानानीचे डोळे

आमच्या डोंगरावर थंडीत थोंगोलिफा उतरतात. हिरवे, नखाएवढे, वासाचे किडे. ते झाडाच्या फांद्यांना घोसाने लटकतात. आम्ही ते वेचतो, भाजतो, मीठ लावून मक्याच्या उकडीबरोबर खातो, उरलेले बाजारात विकतो. ऐकायला सोपं वाटतं, पण या किड्याच्या पोटात जे पाणी असतं ते भयंकर. बोटांना लागलं की कातडी तांबडी होऊन सोलते. डोळ्यात गेलं तर माणूस जागच्या जागी लोळतो.

हे काम कोनानानीइतकं चांगलं कुणालाच येत नसे. तिच्या मुलीचं नाव रोफीवा, म्हणून गाव तिला रोफीवाची आई म्हणायचं. ती अठ्ठावीस वर्षांची असताना तिचा नवरा खाणीत गेला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून थंडीचे तीन महिने या किड्यांवर आणि उरलेलं वर्ष भुईमुगावर तिने घर चालवलं. मी तिच्या शेजारची. तिनेच मला शिकवलं.

"सूर्य वर यायच्या आत वेचायचं," ती सांगायची. "थंडीने बधिर असतात तोवर. आणि हात हलका ठेव, मुओफे. एकाला दुखवलंस की तो वास सोडतो, आणि तो वास म्हणजे बाकीच्यांना हाक. मग सगळी फांदीच तुझ्या तोंडावर उडते."

घरी आणलेले जिवंत किडे ती कोमट पाण्यात ढवळायची. घाबरून ते पोटातलं सगळं पाण्यात सोडत, आणि त्याचा वास चार घरं ओलांडून जाई. दोनतीन वेळा पाणी बदललं की गोड लागत. वाटेत मेलेले मात्र वाईट, कारण त्यांचं विष आतच राहिलेलं असतं. त्यांची मुंडकी मोडून, पोट दाबून ते दगडावर पुसून काढावं लागे. एका वर्षी असंच दाबताना तिच्या डाव्या डोळ्यात शिंतोडा गेला. आठवडाभर तिने पानांचा रस घातला. दवाखान्यात गेली तेव्हा बुबुळावर पांढरा डाग पडलेला होता. तिथली नर्स म्हणाली, "आजी, आता हे काम सोडा. एकच उरलाय."

"आजी कुणाला म्हणतेस?" कोनानानी हसली. "आणि सोडून खाऊ काय, तुझी ही गोळी?"

पुढे शहरातली माणसं यायला लागली. बाजारात थोंगोलिफाला मागणी वाढली होती. त्यांना वेचायला सवड नव्हती. ते फांद्याच तोडून पोत्यात झटकत, कधी कधी आख्खं झाड पाडत. आम्ही गावप्रमुखाकडे गेलो. त्याने मान डोलावली, दोन दिवस पोरं पहाऱ्याला ठेवली, मग तीही त्यांच्याच हाताखाली कामाला लागली.

त्या सकाळी आम्ही दोघी वरच्या झाडाखाली होतो. धुकं होतं. कोनानानी मान वर करून उजव्या डोळ्याने घोस शोधत होती. मागून एक माणूस आला, हातात लांब काठी.

"मावश्यांनो, एकेक वेचत बसलात तर उन्हाळा उजाडेल!"

"थांब रे बाबा!" मी ओरडले. "ती खाली उभी आहे!"

त्याने काठी मारलीच. क्षणात फांदी जिवंत झाली. शेकडो किडे एकदम उडाले आणि तो वास असा उसळला की मलाही श्वास घेता येईना. कोनानानी तोंड धरून खाली बसली. ओरडली नाही. नुसती म्हणाली, "पाणी."

पाणी नव्हतं. ओढा अर्ध्या तासावर. माझ्याकडे फ्लास्कमध्ये गोड चहा होता, तोच निववून मी तिच्या डोळ्यावर ओतला. चुकलं का माझं? दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते कागदावरून मान वर न करता म्हणाले, "आता काय फरक पडतो?" डॉक्टरांचं ते बोलणं मी कोनानानीला कधीच सांगितलं नाही. तिनेही कधी विचारलं नाही. तो काठीवाला मी चहा ओतेपर्यंत आपलं पोतं भरून खाली उतरला होता.

पुढची दोन वर्षं ती अंगणात बसून मेलेले किडे निवडायची. चाचपून, वास घेऊन. एकही चुकला नाही. पण पाट्या हलक्या होत गेल्या. जिथे ते दरवर्षी जमत ती झाडंच राहिली नव्हती. रोफीवा शहरात कामाला गेली. आईला घेऊन जाते म्हणाली. खोली लहान आहे, असं नंतर कळवलं.

गेल्या जूनमध्ये, आमच्याकडे थंडी पडते तेव्हा, मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"आलेत का गं?" तिने विचारलं.

"आलेत थोडे," मी म्हटलं. "वरच्या बाजूला."

"कुणाच्या घरी धुतले?"

मी तोंडाला आलं ते एक नाव सांगितलं, चार घरं पलीकडचं.

"तिकडूनच वारा येतोय," ती म्हणाली. "सकाळपासून. वास कुठेय?"

तिने घोंगडी खांद्यावर ओढली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.