ढिगाला आलेला ताप

आज कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्लात कॉस्टिक सोडा ओतला, तशी काचेची नळी मुठीत गरम झाली. खाली दिवा नव्हता. माझा दुसरा हात आपोआप कपाळाकडे गेला आणि निपाणीची आमची तंबाखूची वखार आठवली.

मी दहा वर्षांची असेन. बेळगावच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीला आले होते. वखारीतल्या बायकांशी काय बोलावं ते सुचत नसे, म्हणून तरटानं झाकलेल्या पानांच्या ढिगाला टेकून वाचत बसे. त्या दुपारी पाठ भाजू लागली. मला वाटलं, ताप आला. सांगितलं तर कडू काढा प्यावा लागेल म्हणून गप्प राहिले.

ढिगांवर लक्ष ठेवणाऱ्या गंगाक्कानं माझी चुळबुळ पाहिली. तिनं माझ्या कपाळाला हात लावला, मग पाठीला.

"कपाळ गार नि पाठ तापलिया? ऊठ गं!" तिनं ढिगात कोपरापर्यंत हात खुपसला. "मालक, धावा! ताप पोरीला न्हाय, ढिगाला आलाय!"

आणखी दिवसभरात पानं काळी पडून वर्षाचा माल गेला असता. सगळ्यांनी ढीग फोडला. गोडसर, उग्र वाफ उठली.

"आत विस्तव कुणी ठेवला?" मी वडिलांना विचारलं.

"कुणी न्हाय. पान मुरताना आपलं आपण तापतंय."

"पण का, आप्पा?"

"त्ये तुझ्या इंग्रजी शाळेत इचार की!"

शाळेत विचारायचा धीर मला कधीच झाला नाही. आज सर म्हणाले, "कुणाला काही शंका?" कपाळावरचा हात मी तसाच वर नेला.